पावलांची कार्डे

दिनांक १७ मार्च २००१, शनिवार, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे. लांब मेजावर पेट्या एकोणीस, मेजाभोवती खुर्च्या सहा आणि माणसे पाच. सहावी खुर्ची मधलीची; घरात सगळे तिला याच नावाने हाक मारत. ती कार्यशाळेतून यायची होती, आणि ती येण्याआधीच महत्त्वाचे बोलणे उरकून घ्यावे असे किमान दोघांच्या मनात होते.

पट्टीकाकांच्या मनात तसे काहीच नव्हते. त्यांना आज फक्त शाबासकी हवी होती. थोरली बहीण नोव्हेंबरात गेली. सगळे शहर तिला मोठ्या बाई म्हणे, घरात ती ताई किंवा आत्या. पायाने अधू, निराधार मुलांना सांभाळणारे आणि फुकट जोडे देणारे मंडळ तिने उभारले होते. तिच्यामागे राहिलेले बावन्न वर्षांचे कागद काकांनी अकरा आठवडे खपून मार्गी लावले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यातली एकेचाळीस त्यांनी यंत्रांच्या कारखान्यात आरेखन विभागात काढली होती. खिशात सहा इंची पोलादी पट्टी असल्याशिवाय ते अंघोळीलासुद्धा जात नाहीत, अशी पुतण्यांची थट्टा होती आणि नावही त्यावरूनच पडले होते.

संग्रहालयातून आलेल्या अभिलेखपाल बाईंनी तिसऱ्या पेटीचे झाकण उघडले. आत बराच वेळ पाहिले. मग सातवी उघडली, मग बारावी.

"काका, हे सगळं तारखेप्रमाणे लावलंय?"

"पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत," काका म्हणाले. "प्रत्येकाला क्रमांक. गंजलेल्या टाचण्या काढल्या, कसर लागलेली वेष्टनं जाळून टाकली. कुठलाही कागद मागा, दीड मिनिटात हातात देतो."

"आणि त्याआधी ते कसे होते?"

"त्याआधी?" काका हसले. "त्याआधी नुसता गोंधळ होता."

"आम्हाला तो गोंधळच हवा होता," बाई हळूच म्हणाल्या. त्या वयाने तिशीच्या आतबाहेर असतील. वडीलधाऱ्या माणसाची चूक दाखवताना जो संकोच व्हावा तो त्यांना होत होता. "म्हणजे, माणूस आपले कागद कशाशेजारी काय ठेवतो, त्यावरून पुष्कळ कळतं. त्या वेष्टनांवर काही लिहिलं होतं का?"

"हो. काहींवर 'घर', काहींवर 'मंडळ'. पण कसर दोन्हींना सारखीच लागली होती."

वकिलाने हातातले पेन खाली ठेवले. काकांच्या दिवंगत थोरल्या भावाचा हा मुलगा. आत्याने आपल्या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्याच्यावर सोपवली होती. खालच्या मजल्यावरच्या दर्शनी खोलीत त्याचे कार्यालय होते. तिथेच तो आत्याच्या हाताखाली लहानाचा मोठा झाला, आणि वकील झाल्यावर त्याच खोलीत त्याने पाटी लावली.

"काका," तो म्हणाला, "मृत्युपत्रातलं सातवं कलम तुम्ही ऐकलं होतंत ना?"

"ऐकलं होतं म्हणून तर एवढं काम केलं."

"मग परत एकदा ऐका." त्याने कागद डोळ्यांसमोर धरला. "'हे घर माझ्यामागे संग्रहालयास जाईल. मात्र माझ्या घरची मुले हयात असेतोवर आपापल्या खोल्या वापरतील. घरची मुले कोण, ते माझ्या कागदांवरून कळेल.' कागदांवरून, काका. आणि ते ज्यावरून कळलं असतं, ते तुम्ही चुलीत घातलंत."

"चुलीत नाही. मागच्या अंगणात, पत्र्याच्या डब्यात," काका म्हणाले. तपशील चुकीचा जाऊ नये एवढीच त्या क्षणी त्यांना शुद्ध होती.

मोठ्या वहिनींनी डोक्याला हात लावला. त्या वकिलाच्या आई. वय ब्याऐंशी, पाय थकलेले, जीभ मात्र कालच धार लावून आणल्यासारखी. "भावजी, तुम्हाला किती वेळा सांगितलं, आवरायला घेऊ नका म्हणून! माझ्या लग्नानंतर तुम्ही माझं कपाट उंचीप्रमाणे लावलं होतंत. मला आठ दिवस मीठ सापडलं नव्हतं."

दातवाली फसकन हसली. ती वकिलाची धाकटी बहीण, दाताची डॉक्टर. हसून झाल्यावर भावाच्या चेहऱ्याकडे पाहून तिने तोंड मिटले.

कलम कोणासाठी अडले होते हे न बोलता सगळ्यांना ठाऊक होते. घरात वाढलेली मुले तीन : वकील, दातवाली आणि मधली. पहिली दोन भावाची. मधली कोणाची, हे एक्कावन्न वर्षांत कोणी मोठ्याने विचारले नव्हते. जेवताना ती या दोघांच्या मधे बसायची म्हणून ती मधली. आता ती मंडळाच्या कार्यशाळेत जोडे बनवी. ज्या मुलांचे पाऊल साध्या जोड्यात मावत नाही, एक पाय आखूड आहे, टाच वळलेली आहे, त्यांच्या पावलाबरहुकूम ती लाकडी साचा तासायची. राहायला मात्र इथेच, जिन्याच्या वरच्या दोन खोल्यांत. आज संग्रहालयाला द्यायच्या कागदांच्या यादीवर सह्या झाल्या की त्या दोन खोल्या तिच्या तरी राहणार होत्या किंवा संग्रहालयाला तरी जाणार होत्या.

"कार्डं बघू या," बाई म्हणाल्या. "माझ्या माहितीप्रमाणे मुलांचा दुसरा काही पुरावा नाही."

कार्डे अकराव्या पेटीत होती. ताईची ती पद्धत शहराला पाठ होती. दर वर्षी जूनच्या पहिल्या रविवारी मंडळाच्या आवारात सगळी मुले रांगेने उभी करायची, जाड कार्डावर उजवे पाऊल ठेवायचे आणि पेन्सिलीने भोवती रेघ ओढायची. घरच्या मुलांनाही त्याच रांगेत उभे राहावे लागे. त्यांनाही तेच कार्ड. एका मुलाला एक कार्ड, त्यावर वर्षागणिक एकात एक वाढत जाणारी पावले. कोपऱ्यात ताईच्या अक्षरात मुलाचे टोपणनाव. खरे नाव कधीच नाही. "दान घेतलेल्याचं नाव लिहून ठेवलं की ते दान राहत नाही, उधारी होते," असे ती म्हणे.

"मंडळाच्या दाखलवहीत नावं असतील की," बाई म्हणाल्या.

"आहेत," वकील म्हणाला. "पण तिथे टोपणनावं नाहीत. आणि एकोणपन्नास ते त्रेपन्नची वही तळघरात पाणी शिरलं तेव्हा लगदा झाली."

"आई, तुला तर माहीत असेल," दातवाली म्हणाली. "मधली आली तेव्हा तू होतीस."

"होते की. दोन वर्षांची होती. पाय प्लास्टरमध्ये. मंडळात रात्री बघायला कोणी नव्हतं म्हणून ताईंनी सहा आठवड्यांसाठी घरी आणली." वहिनी थबकल्या. "का ताईंच्या मैत्रिणीची होती ती? ती मैत्रीण गेली त्याच वर्षी. थांब हं. प्लास्टर नंतरचं असेल."

"म्हणजे मंडळाची," वकील म्हणाला.

"मी असं कुठे म्हणाले?"

"मग घरची?" दातवालीने विचारले.

"तेही नाही म्हणाले. मला कशाला बोलायला लावता? प्लास्टर डाव्या पायाला होतं, एवढं नक्की."

काका ऐकत होते आणि त्यांना काही उमगत नव्हते. आयुष्यभर त्यांचा अनुभव असा, की कागद नीट लावले की गुंता सुटतो. इथे कागद एकाखाली एक सरळ रेषेत होते आणि गुंता काम सुरू करण्याआधी नव्हता एवढा झाला होता. त्यांनी डोळे मिटून ते डिसेंबरचे दिवस आठवून पाहिले. तपकिरी वेष्टन, राखाडी वेष्टन. मधलीचे कार्ड हातात आले तो क्षण आठवत होता. त्यावरची सतरा पावले मोजलेलीही आठवत होती. कोणत्या रंगातून ते काढले, तिथे मात्र कोरा कागद.

"माझ्या मनात वाईट आहे असं समजू नका कोणी," वकील म्हणाला. "मधलीला बाहेर काढायचं असं मला वाटत नाही. पण अंमलबजावणी माझ्यावर आहे. उद्या कोणी विचारलं, हिला कशाच्या आधारावर ठेवलं, तर काय सांगू? लाडकी होती म्हणून?"

"लाडकी होती हे तुला अजून सलतंय वाटतं," दातवाली म्हणाली.

"तू माझ्या बाजूने होतीस ना? काल फोनवर तर म्हणालीस, कायदा म्हणजे कायदा."

"काल फोनवर ती समोर येणार नव्हती."

"आलेय मी," दारातून आवाज आला.

मधली आत आली. हातावर लाकडाचा भुसा, केसांतही थोडा. तिने खुर्ची ओढली पण ती बसली नाही. किती ऐकले होते कोण जाणे. "काका, जरा बाहेर येता?"

जिन्याच्या वळणावर खिडकी होती. मधली तिथे कठड्याला टेकली. काकांच्या मानाने ती अजून लहानच होती. याच कठड्यावरून ती घसरत खाली येताना त्यांनी तिला धरले होते, दोनदा.

"मी चूक केली, बाळ," काका म्हणाले. "आणि कशी सुधारावी ते मला कळत नाही. रेघ चुकली तर खोडता येते. जळलेलं वेष्टन कसं परत आणू?"

"तुम्हाला आठवत नाही ना?"

"नाही."

"बरं झालं."

"बरं? अगं, तुझ्या खोल्या जातील."

"खोल्यांचं दुःख आहेच. खोटं कशाला बोलू? या खिडकीतून कार्यशाळेचा दिवा दिसतो. तो मालवलाय की नाही ते बघितल्याशिवाय मला झोप येत नाही." ती बाहेर पाहत राहिली. "पण काका, एक्कावन्न वर्षं मी एकच वाक्य ऐकतेय. 'ही आमच्या घरच्यासारखीच.' कोणी वकिलाला म्हटलं का कधी, तू घरच्यासारखा? कार्डावर काय निघेल याची मला लहानपणापासून धास्ती आहे. आत्याला विचारायचं होतं. शेवटच्या आजारात रोज तिच्या उशाशी बसले, रोज वाटायचं आज विचारू. नाही विचारलं. मंडळ म्हणाली असती तर?"

काका परत खोलीत गेले ते मनाशी एक ठरवून. एकेचाळीस वर्षांत त्यांनी न घेतलेले माप कधी कागदावर मांडले नव्हते. आज मांडायचे होते.

"मला आठवलं," खुर्चीत बसताबसता ते म्हणाले. "मधलीचं कार्ड घरच्या वेष्टनात होतं."

दातवालीने टाळीच वाजवली. वहिनींनी निःश्वास टाकला. अभिलेखपाल बाईंनी लिहायला घेतले.

"कोणत्या रंगाचं होतं ते?" वकिलाने शांतपणे विचारले.

"तपकिरी."

"घरची वेष्टनं तपकिरी होती?"

"हो." मग काकांच्या कपाळाला आठी पडली. "का राखाडी? नाही, तपकिरीच."

"त्यात आणखी कोणाचं कार्ड होतं? माझं होतं? हिचं होतं?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खोटे बोलायलाही सराव लागतो आणि तो त्यांनी तरुणपणी केला नव्हता.

"काका, नका," मधली म्हणाली. ती दारातच उभी होती. "तुम्हाला येत नाही ते. बाई, ते खोडा. त्यांना आठवत नाहीये."

बाईंचे पेन हवेत राहिले. वहिनी पुटपुटल्या, "मेल्या एवढ्याशा कार्डाने जीव नकोसा केला." वकील जिंकल्यासारखा मुळीच दिसत नव्हता.

"मग आता असं करू," तो अखेर म्हणाला. "जी दोन नक्की घरची, ती वेगळी काढू. माझं आणि हिचं. उरलेली मंडळाची. मधलीचं... मधलीच्या कार्डावर शेरा लिहू, 'अनिश्चित'. खोल्यांचं संग्रहालय ठरवेल. काका, दीड मिनिटात काढता म्हणालात ना? काढा."

काकांनी पेटीत बोटे घातली. कामाला हात लागल्यावर त्यांना जरा धीर आला. पहिले वकिलाचे. त्याच्या उजव्या पायाची करंगळी लहानपणी आत वळलेली, म्हणून आत्याने ठेवलेले नाव 'वाकडा'. कार्ड निघाले.

त्याच्या मागे आणखी एक निघाले. 'वाकडा'.

आणि त्याच्याही मागे तिसरे.

"हे काय?" वकील उठून जवळ आला.

"जोड्यांचं मंडळ आहे बाबा," वहिनी म्हणाल्या. "तिथे वाकड्याला काय तोटा!"

"माझं हे असणार. नाही, हे. याची करंगळी बघा."

"तिघांचीही करंगळी आतच आहे," काका म्हणाले. त्यांनी पट्टी काढून तिन्ही पावलांवर ठेवली. "पहिल्या वर्षीची लांबी साडेपाच इंच, पावणेसहा आणि परत साडेपाच. तुझं जून एकोणपन्नासचं माप किती होतं?"

"मी तीन वर्षांचा होतो, काका!"

"माझं बघा, माझं सापडेल," दातवाली म्हणाली. "बडबडी नाव दुसऱ्या कोणाचं असणार?"

बडबड्या दोन निघाल्या. एकाच रविवारी सुरू झालेली दोन कार्डे, दोन्हींवर चौदा पावले. दातवालीने सपात काढली आणि चोपन्न वर्षांचे पाऊल आधी एका कार्डावर ठेवले, मग दुसऱ्यावर. दोन्हींपेक्षा ते मोठे होते.

"डावीकडचं माझं," ती म्हणाली. मग रडवेल्या आवाजात, "असं वाटतंय फक्त. आई, सांग ना गं."

"मला काय विचारतेस? तुझी जीभ काढली असती कार्डावर तर ओळखली असती मी."

कोणीतरी हसले. पण हसू पुढे गेले नाही. दातवाली अनवाणी उभी होती आणि दोन्ही कार्डांकडे आळीपाळीने पाहत होती. त्यांतल्या एका मुलीला आईबाप होते आणि एकीला नव्हते, आणि कोणते कार्ड कोणीचे हे तिला सांगता येत नव्हते. तिने नकळत मधलीकडे पाहिले. मधलीने पुढे होऊन सपात तिच्या पायाशी सरकवली.

काकांनी पट्टी खिशात ठेवली. डिसेंबरात ही नावे त्यांच्या डोळ्यांखालून गेली होती. पण त्यांनी लावली ती तारीख पाहून, मधलीचे सोडून एकही नाव त्यांनी नीट वाचले नव्हते. आता मात्र त्यांच्या डोक्यात बऱ्याच तासांनी एक रेघ सरळ उमटली.

"बाई, लिहून घ्या," ते म्हणाले. "मूळ क्रम मी मोडला. अज्ञानाने मोडला, पण मीच मोडला. त्यामुळे कुठलंही कार्ड घरचं की मंडळाचं हे आता सिद्ध होत नाही. कुठलंही म्हणजे कुठलंही. खाली सही करतो."

"काका, माझं सिद्ध करायची गरजच काय?" वकील म्हणाला. "मी तुमच्या भावाचा मुलगा आहे!"

"आहेसच. पण कलमात रक्त लिहिलेलं नाही, कागद लिहिलेत. तूच आत्ता वाचून दाखवलंस. एका नकाशाला एकच मापपट्टी लागते रे. मधलीला कागदाची लावायची आणि तुला रक्ताची, असं चालणार नाही. तिच्यावर 'अनिश्चित' लिहायचं असेल तर तुझ्यावरही लिहावं लागेल. मग तिच्या दोन खोल्यांबरोबर तुझं खालचं कार्यालयही गेलं."

वकिलाने मृत्युपत्र उचलून सातवे कलम पुन्हा वाचले. न्यायालयात अशी वेळ त्याच्यावर सहसा येत नसे. "आणि अनिश्चित नाही लिहिलं तर? सगळी एकत्र? मग उद्या दोनशे माणसं जोडे घालून दारात उभी राहतील, आम्हाला खोली द्या म्हणून!"

"कलमात 'आपापल्या खोल्या' असं आहे," अभिलेखपाल बाई म्हणाल्या. इतका वेळ त्या मापाने बोलत होत्या. आता प्रथमच त्यांचा स्वर खुलला. "ज्यांच्या खोल्या इथे आहेत त्यांचाच प्रश्न येतो. वापरणारे तिघं. त्यांतल्या कोणाला हलवायचं तर त्याचं कार्ड घरचं नाही, हे आम्हाला दाखवावं लागेल. ते आम्ही दाखवू शकत नाही. आमचे वरिष्ठ कुरकुरतील, पण मान्य करतील."

"माझी खोली आहे का अजून?" दातवालीने विचारले. "सामान ठेवलंय फक्त."

"मग सामान अनिश्चित," वहिनी म्हणाल्या.

वकील खिडकीपाशी गेला. त्याचा गुंता अजून सुटला नव्हता हे त्याच्या पाठीवरूनही दिसत होते. "आत्याला असंच हवं होतं का?" तो कोणाकडेही न पाहता म्हणाला. "का आपणच आपल्या सोयीने म्हणतोय? तिने तर वेगळी वेष्टनं केली होती ना. घर, मंडळ. तिला फरक माहीत होता."

"माहीत होता," काका म्हणाले. "आणि मला नाही. तिला काय हवं होतं ते मी सांगू शकत नाही. तशी नोंद माझ्यापाशी नाही."

"माझ्या पायाभोवती तिने स्वतः कधी रेघ ओढली नाही," वकील म्हणाला. "कारकून ओढायचा. रांगेत पुढे सरक म्हणायचा. मधलीची मात्र ती स्वतः ओढायची."

"खोटं," मधली म्हणाली. "माझीही कारकूनच ओढायचा. मला वाटायचं, तुझी ती ओढते."

वकील मेजापाशी आला, तिन्ही वाकड्यांची कार्डे एकत्र केली आणि पेटीत परत ठेवली. कुठल्या क्रमाने, ते त्याने पाहिले नाही. काकांचा हात ती नीट लावायला पुढे झाला आणि अर्ध्यावर थांबला.

"बस गं," वकील मधलीला म्हणाला. "उभी का अजून? यादी मोठ्याने वाच, मी तपासतो. तुझं अक्षर चांगलं आहे, सहीच्या आधीचा मजकूरही तूच लिही."

मधली बसली. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी यादीवर सह्या झाल्या. यादीत अकराव्या पेटीसमोर मधलीच्या अक्षरात नोंद आहे ती अशी : संच एक. कार्डे दोनशे बारा. वेगळी काढलेली, शून्य.